झांज कुठं ठेवायची

सोमवार, ४ ऑगस्ट

चिन्हं परत गायब. नकाशा येतो, गल्ल्या येतात, घरांचे चौकोन येतात, आणि चिन्हांच्या जागी फाटक्या चित्राची ती भिकार खूण. सकाळपासून डोकं फोडलं. जेवायच्या वेळेला सापडलं. रंगाच्या आकड्याआधी जो हॅश असतो, ब्राउझर तिथंच थांबतो आणि पुढचं सगळं फेकून देतो. इतकी वर्षं पुण्याच्या कंपनीसाठी नकाशे करते आणि ही चूक! पण तिथं चिन्हं तयार मिळतात, हाताने कोण भरतंय.

आता सगळी चिन्हं बेस सिक्स्टी-फोरमधून, म्हणजे नुसत्या अक्षरा-आकड्यांत बदलून, काढली. आली. रंगासकट.

अण्णा मागं उभे राहून बघत होते. "हे काय गिचमिड?" म्हटलं, हा तुमच्या हमीदभाईंचा सायकलचा पंप. इथून तिथं रेघ, तिथून वळण, असं चित्र लिहून काढायचं, मग त्याची अशी अक्षरांची माळ करायची आणि कोडातच भरून टाकायची. वेगळं चित्र मागवायला नको. आपल्या रेंजला तेवढंच झेपतं.

"म्हंजे पंप हितं लपलाय?"

हो, म्हटलं. हसले. कधी नव्हे ते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

लोकांना काय सांगावं. अट साधी आहे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीचं सास्तूर, घर तिथं घर, आणि प्रत्येकाने आपल्या जुन्या घरातली एक वस्तू सांगायची. तिचं चिन्ह मी काढणार. तीस सप्टेंबरला शाळेत पडद्यावर दाखवायचं, दरवर्षी श्रद्धांजलीची भाषणं असतात त्याऐवजी. गणेश मंडळाच्या पोरांनी माझ्या गळ्यात घातलं आणि मीही मान पुढं केली.

आजचा जमाखर्च: एक जातं, एक पोपटाचा पिंजरा, एक शिलाई मशीन. एकांना बोलेरो हवी. काका, बोलेरो जुन्या गावात नव्हती. "आता हाय की पण." त्यांना बैलगाडी दिली. रुसून बसलेत. वरच्या गल्लीतल्या आजींनी मात्र डोळे मिटले आणि म्हणाल्या, "माझी चूल काढ बाय, दोन तोंडाची." चूल काढून दाखवली तर म्हणाल्या, मागचं तोंड ल्हान हुतं. लहान केलं. मग बराच वेळ फोन हातातून सोडेनात.

नव्या गावात घरं जमिनीच्या हिशेबाने वाटली. जास्त शेती त्याला मोठं घर, ह्या रांगेत. कमी त्याला लहान, त्या रांगेत. भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं पार गावाच्या दोन टोकांना गेली. आता नकाशावर परत शेजारी आलेत तर एकमेकांना फोन करून सांगतायत, अगं तू माझ्या बाजूलाच हायस. मजा वाटते. मधूनच रडूही येतं, पण ते कामाच्या वेळात नको.

सोमवार, ११ ऑगस्ट

आमच्या घराचा चौकोन रिकामा.

आईला आज सरळ विचारलं. ती शेंगा फोडत होती. आई, आपल्या घरावर काय टाकू?

"घर टाक."

घरावर घर कसं टाकू?

"मग ऱ्हाऊ दे मोकळं."

अण्णांना विचारलं तर, "तुझ्या आईला इचार." झालं. पिंग-पाँग.

इथं लिहूनच ठेवते, म्हणजे स्वतःशी तरी खोटं नको. मला वस्तू नकोच आहे. माझ्याआधी ह्यांना एक मुलगा होता, चार वर्षांचा, दीपक. त्या रात्री गेला. मी नंतरची, ह्या सिमेंटच्या घरात जन्मलेली. अण्णा वर्षातून एखाद्या वेळी त्याचं नाव काढतात, तेही आई बाहेर असताना. आईने माझ्यासमोर ते नाव आजपर्यंत एकदाही घेतलेलं नाही. फोटो नाही, कपडा नाही, काहीच नाही. ती रात्री दाराला कडी लावत नाही, तेवढं एक आहे. मला वाटलं होतं, वस्तू सांगताना तरी त्याचं काहीतरी सांगेल. चेंडू म्हणेल, टोपरं म्हणेल. अख्ख्या गावाला कामाला लावलं ते ह्या एका बाईने तोंड उघडावं म्हणून. हे कुणाला सांगायचं नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

अण्णांना घेऊन जुन्या गावात गेले. मोटरसायकलवर मागं बसून मलाच सूचना: हळू, खड्डा, म्हैस. हमीदचाचा आधीच आलेले. बाभळी इतक्या माजल्यात की गल्ली कुठली आणि ओढा कुठला कळत नाही. दगड तेवढे आहेत, जागोजाग ढीग.

चाचा आणि अण्णा चाचांच्या सायकलच्या दुकानाच्या जागेवरून भांडले. चाचा: "मेरी दुकान मेरेकू मालूम नहीं क्या? पार के सामने थी." अण्णा: "समोर न्हाय, उजव्या अंगाला." शेवटी दोघंही चुकले. मोजणीचा जुना नकाशा काढला तर दुकान पाराच्या मागं. दोघंही नकाशावर चिडले.

मग आमच्या घरापाशी. अण्णा एका दगडावर पाय ठेवून उभे राहिले. "हितं उंबरा. ह्यो सोपा. ही भित. हिच्या पल्याड गयाबाई. दोन्ही घराला एकच भित, दीड हात रुंद, दगड आन माती." गयाकाकूंच्या घरातलं कुणीच राहिलं नाही, म्हणून त्यांच्या चौकोनालाही चिन्ह नाही. सांगणार कोण.

फोनवर जागेची खूण घेतली. अण्णा त्या रात्री मळ्यात होते, उसाला पाणी द्यायला. म्हणून वाचले. पळत आले तर घर नव्हतंच. आई ढिगाऱ्यातून हात हलवत होती. तिला काढली आणि मिळेल त्या गाडीत घालून सोलापूरच्या दवाखान्यात नेली. दीपकला मागाहून काढलं, थोरल्या काकांनी. अग्नीही त्यांनीच दिला. अण्णा परत आले तेव्हा सगळं उरकलं होतं. काकाही आता नाहीत.

हे मला तुकड्या-तुकड्यांत माहीत होतं. आज सलग ऐकलं. शेवटी नेहमीचंच वाक्य, ते ह्या गोष्टीचा शेवट नेहमी ह्याच वाक्याने करतात: "आईच्या कुशीत हुता. एकटा न्हवता."

येताना गाडी मीच हळू चालवली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. बैल एकाच्याच दारात उरलेत इथं, बाकी सगळे मातीचे. पुरण उत्तम. आमचा चौकोन रिकामाच.

ऑफिसातून फोन, सुट्टी कशाची? म्हटलं, बैलांची. 

बुधवार, २७ ऑगस्ट

आज. आज बोलली!

आमच्या घरी गणपती बसवत नाहीत. पण चौकात मंडळाचा आला, पोरं झांजा घेऊन समोरून गेली. नुसता गोंगाट, ताल नावाला नाही. आई पुढच्या खोलीत मेथी निवडत होती. मी खिडकी लावायला उठले, कारण दरवर्षी तीच लावते. तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

मिरवणूक पुढं गेली. ती मेथीकडंच बघत म्हणाली, "झांज टाक."

काय?

"आपल्या घरावर. झांज टाक. पितळी, ल्हान. त्याला लई आवडायची. जेवताना बी सोडायचा न्हाय."

त्याला. एवढंच, नाव नाही. पण 'त्याला' म्हणाली. भीती वाटली की हलले तर बंद होईल. मेथीची अख्खी जुडी निवडून झाली, काड्यासुद्धा भाजीत गेल्या. संध्याकाळी अण्णा म्हणाले, भाजी आज चरबट का. 

गुरुवार, २८ ऑगस्ट

झांज काढली. दोन वाट्या, मधे दोरी. आईला दाखवली. चष्मा लावून बघितली. "दोरी लाल हुती. माझ्या साडीच्या काठाची." लाल केली. "एकीची कड चेपल्याली. आपटायचा." कड चेपली. रेघ थोडी आत ओढायची फक्त. पण ती ओढता ओढता माऊस सोडून पाणी पिऊन आले.

मग एक वेडेपणा केला. चित्राच्या आत शीर्षक घालता येतं. नकाशावर ते कुणालाच दिसत नाही, फक्त कोड उघडला तर. तिथं लिहिलं: दीपक. आणि अक्षरांची माळ करायला टाकलं तर लाल अक्षरात एरर. बेस सिक्स्टी-फोरच्या त्या आज्ञेला देवनागरी चालत नाही. साधी इंग्रजी अक्षरं द्या, म्हणे. बाकी सगळं घेते, जातं, चूल, पंप, फक्त नाव घेत नाही. मी लॅपटॉपला शिवी दिली. घरात काय कमी आहेत नाव न घेणारे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर चाललं असतं. नाही लिहिलं. दुसरी रीत आहे, प्रत्येक अक्षराची टक्क्याच्या खुणांनी मोडतोड करून भरायचं. टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार, असं पुढं. तीन अक्षरांची केवढी लांबड झाली. पण घेतलं. ब्राउझरने निमूट घेतलं आणि झांज आमच्या घरावर येऊन बसली.

मग मी रडले. उघडच लिहिते, पुष्कळ रडले.

रविवार, ३१ ऑगस्ट

महालक्ष्म्या बसल्या. आईला श्वास घ्यायला वेळ नाही. झांजेचं कळल्यापासून अण्णा येईल त्याला सांगतायत, "आमच्या घरावर झांज येणार हाय. पोराची. पडद्यावर बघा आता तीस तारखेला." आरतीला आलेल्या बायकांनाही सांगितलं. मला बोलावून, "पले, दाखीव की." आई आतून: "आता नगं. तीस तारखंला बघतील."

अण्णांनी नवीन सदरा शिवायला टाकलाय. श्रद्धांजलीला नवीन सदरा. 

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन. नव्या गावाची रीत पाळली, अनंत चतुर्दशीला आत कुणी झोपत नाही, भूकंप विसर्जनाच्या रात्रीच झाला होता म्हणून. सगळ्या रांगा अंगणात बाजा टाकून. घरं भूकंपाला टिकणारी आहेत, कागदावर तसं लिहिलंय, तरी. लहान पोरांना वाटतं सण आहे. मलाही वाटायचा.

सकाळी उठले तर आईची बाज आवरलेली. ती कधी उठली कुणाला माहीत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं. हाताला जमेल तसं.

दुपारी अण्णा लोहाऱ्याला गेलेले. आई स्वतःहून म्हणाली, दाखव तुझं गाव. पुढच्या खोलीत बसलो. फोन तिच्या हातात दिला. तिला गल्ल्या लगेच कळल्या, मला नवल वाटलं. हा पार, हे हमीदचं, ही चूल कुणाची गं, दोन तोंडाची? आजींची, म्हटलं. "व्हय, व्हय. मागलं तोंड ल्हान." खूश होती. खरंच खूश होती, मी तिला असं पाहिलेलं नाही.

मग आमचं घर. झांज दिसली. तिने तिच्यावर बोट ठेवलं आणि डावीकडं ढकललं.

चिन्ह कसं हलेल? अख्खं गाव सरकलं. तिने बोट उचललं, परत झांजेवर ठेवलं, परत ढकललं. परत सगळं गाव झांजेबरोबर सरकत कडेला गेलं. मला वाटलं मोठं करून बघायचंय. म्हटलं, आई, दोन बोटांनी कर.

"मोटं नगं. ही तिकडं घे."

कुठं?

"गयाबाईच्यात."

मी म्हटलं, आई, आपलं घर हे आहे. अण्णांनी उंबरा दाखवला, मी खूण घेतली.

"घर आपलंच हाय. दीपक तिकडं हुता."

नाव घेतलं. मी किती वाट बघितली होती त्या नावाची. आणि आलं तेव्हा मला ते ऐकूच आलं नाही, पुढचंच ऐकत राहिले.

त्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुकीतून आल्यावर गयाकाकूंच्या पोरींबरोबर खेळता खेळता तो तिथंच झोपला. झांज हातात. आई आणायला गेली. "गया म्हणली, ऱ्हाऊ दे गं, झोपलंय लेकरू, सकाळी नी. म्या म्हणलं, बरं." मग, "मला बी झोप आलती."

एवढंच.

मी विचारलं, अण्णांना?

"न्हाय."

कधीच नाही?

"सोलापूरला मला सुद आली, तवा उशाशी बसल्याले हुते. रडत हुते. म्हणले, तुझ्या कुशीत हुता, एकटा न्हवता. तेवढंच धरून बसल्याले. म्या काय म्हणू? तोंडात नळी हुती. नळी निघाली तवर त्यांनी सगळ्यांला सांगितल्यालं."

दोन्ही घरांचा ढिगारा एकच झाला होता. कोण कुठून निघालं, कोण बघतंय. थोरल्या काकांनी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

फोनची स्क्रीन विझली. तिने चष्मा काढून पदराने पुसला. "इतकी वरसं चुकीच्या घरात हाय ते. तू तेवढं नी तिकडं." आणि गुरांना पाणी दाखवायला उठून गेली.

शनिवार, १३ सप्टेंबर

अण्णांकडं बघवत नाही. ते चहा बशीत ओततात, फुंकर मारतात, सगळं रोजचंच, आणि मी उठून आत येते. मला राग आलाय. कुणाचा ते कळेना. आईचा नाही. त्या बाईला एक रात्र झोप आली, त्याची केवढी शिक्षा. अण्णांचाही कसा येईल. नकाशाचा येतोय. मी कशाला ही उठाठेव केली.

काम म्हणून बघितलं तर एका ओळीचं आहे. अक्षांश-रेखांश, शेवटचे आकडे बदलायचे. झांज पलीकडच्या घरात जाईल. आणि अण्णा शाळेत सगळ्यांदेखत, नवीन सदरा घालून, बघतील. विचारतील, चुकलं का? मी काय सांगू? चुकलं म्हटलं तर आईशी खोटं. बरोबर आहे म्हटलं तर ज्या एका वाक्यावर हा माणूस एवढी वर्षं उभा राहिला तेच काढून घेतल्यासारखं.

तिथंही तो एकटा नव्हताच. गयाकाकू होत्या, त्यांच्या दोन पोरी होत्या. हे अण्णांना पुरेल का, मला माहीत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

फार हुशारी केली आज. झांज दोन्ही घरांच्या बरोब्बर मधे ठेवली, मधल्या रेघेवर. अण्णांना आपल्या घराची वाटेल, आईला गयाकाकूंच्या. कुणी विचारणार नाही. कुणाशी खोटं नाही. स्वतःवर इतकी खूश झाले की कॉफी केली.

आईला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. रागावली नाही. आवाजही चढवला नाही.

"भितीत नगं गं ठिवूस त्याला."

मी फोन तिच्या हातातून घेतला. ती दीड हात रुंद दगड-मातीची भिंत. मला त्या रेघेवर फक्त सोय दिसली. मी त्याला नेमकं तिथं नेऊन ठेवलं होतं.

लगेच काढलं. तिच्यासमोरच काढलं. नंतर न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

बुधवार, २४ सप्टेंबर

पाऊस थांबेना. सोयाबीन पाण्यात. अण्णा बांधावरून येतात, चिखलाचे पाय धुतात, आणि पहिला प्रश्न, "झालं का गं तुझं गाव?"

झालंय. सगळं झालंय. बोलेरोवाले काकासुद्धा बैलगाडीवर खूश आहेत, बैलांची शिंगं रंगवून मागितली, दिली. एवढं एक चिन्ह तेवढं जागेविना. कोडात माळ आहे, झांज आहे, लाल दोरी आहे, टक्क्यांच्या खुणांत त्याचं नाव आहे. कुठं ठेवायची ती जागा रिकामी. जागा नसली की ब्राउझर चिन्ह काढतच नाही, एररसुद्धा देत नाही. जणू असं कुणी नव्हतंच.

आईला म्हटलं, तू सांग त्यांना. किंवा मी सांगते. किंवा कुणीच नको, आणि झांज आपल्या घरावर राहू दे, अण्णांसाठी. तू म्हणशील तसं.

भाकरी थापत होती. "म्या कसं सांगू? कुठनं सुरू करू?" मग दुसरी भाकरी घेतली. "त्यांचं बी वय झालंय पले." मग तिसरी. "माझं बी झालंय."

ह्यातून काय समजायचं?

रविवार, २८ सप्टेंबर

मंडळाच्या पोरांनी लिंक मागितली, पडद्यावर चालते का बघायला. दिली. शाळेत प्रोजेक्टर चालला, चिन्हं झटक्यात आली, सगळी पोरं ओरडली. छान वाटलं असतं एरवी. त्यातल्या एका शहाण्याने लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली. आता कशाला तीस तारीख.

दिवसभर फोन. हमीदचाचा: "बेटी, पंप एकदम बराबर निकाला." आजींच्या नातीने चूल फोनच्या वॉलपेपरला लावली. सगळ्यांची घरं भरली. अण्णांचा फोन चार्जिंगला होता, दिवसभर त्यांना कळलं नाही. मी तो चार्जिंगवरून काढला नाही. आणखी एक दिवस, इतकंच डोक्यात.

सोमवार, २९ सप्टेंबर

सकाळी अण्णांनी अंगणात बाजेवर बसून फोन डोळ्याशी धरलेला. ग्रुप उघडला होता. मी झाडलोट करत होते, तिथंच थांबले.

"पले, ही आपली गल्ली ना?"

हो.

"हा हमीदचा पंप. हे आपलं." बोटाने मोठं केलं, कधी शिकले कोण जाणे. "आपल्या घरावर काईच न्हाय की."



"सगळ्यांचं आलंय. आपली झांज कुठाय? टाकायची ऱ्हायली का?" आवाजात राग नव्हता. खाऊ वाटताना आपल्या हातावर ठेवायचं राहिलं का हे लेकराने बघावं, तसं. "उद्या सगळे बघणार. म्या सांगितलंय समद्यांला. टाक की गं आत्ता. किती येळ लागतो?"

 नेटवर ढकलायचं तोंडावर आलं होतं, लाज वाटली. जागा ठरायची आहे, एवढं कसंबसं म्हटलं.

"जागा? जागा म्या दावली की तुला. उंबरा दावला. त्यात काय ठरवायचं?"

आई चुलीपाशी होती. ऐकत होती, मला तिचा हात थांबलेला दिसला. मग ती उठली. हात पदराला पुसत अंगणात आली आणि बाजेवर त्यांच्या शेजारी बसली. माझ्यादेखत ती त्यांच्या शेजारी कधी बसत नाही, समोर जमिनीवर बसते. अण्णा दचकून सरकले, तिला जागा केली.

"तिला नगा इचारू," ती म्हणाली. "मला इचारा."

मी केरसुणी तिथंच ठेवून आत आले. लॅपटॉप उघडलाय, झांजेची ओळ समोर आहे. बाहेरून आईच्या तोंडून गयाकाकूंचं नाव ऐकू आलं.